मंडईच्या दिवसांतलं फारम

२०२४ साली वसुबारस २८ ऑक्टोबरला होती. त्याच दिवशी जेईई मेनच्या जानेवारीतल्या परीक्षेचे अर्ज सुरू झाले आणि २२ नोव्हेंबरला बंद झाले. पुण्यात, लातुरात किंवा कोट्यात या तारखांचं कुणाला काही वाटत नाही. क्लासवाले मुलांना एका खोलीत बसवून अर्ज भरून घेतात आणि पावती पालकांच्या व्हॉट्सॲपवर येते. गोंदिया जिल्ह्यातल्या बोदलकशाकडे हेच पंचवीस दिवस वर्षातले सर्वांत धावपळीचे. हलकं धान कापून बांधायचं असतं, भारी धान पिवळं पडत आलेलं असतं. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडई, म्हणजे जत्रा, सुरू होतात, पाहुणे येतात, रात्री दंडार रंगते नाहीतर झाडीपट्टीचं नाटक लागतं. या गर्दीत देशातल्या सर्वांत कठीण कॉलेजांची दारं थोडे दिवस उघडतात आणि बंद होतात. बहुतेक घरांना ती उघडली होती हेच कळत नाही.

बोदलकसा पर्यटकांना माहीत आहे ते तलावासाठी. १९१७ साली पूर्ण झालेला मातीचा बांध, चहूकडे टेकड्या, पलीकडे नागझिऱ्याचं जंगल. २०१३च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून वाघ बघायला येणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या. मराठी वाचकाला हा मुलूख व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्यामुळे ओळखीचा आहे. पाणवठ्यावर कोणता पक्षी कधी येतो हे आपण वाचलेलं असतं. त्या जंगलाच्या कडेला राहणारा मुलगा बारावीनंतर कुठं जातो, हे मात्र क्वचितच कुणी लिहिलं. साधारण उत्तर असं: तिरोडा, नाहीतर गोंदिया. फार झालं तर नागपूर. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून कोल्हापूरला जाते, विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला. गोंदियात बसून दिल्लीही गाठता येते. रूळ पूर्वीपासून आहेत, अडचण प्रवासाची नाही.

समजा, या भागातली एक मुलगी बारावीला आहे. दहावीला तिला चांगले गुण पडले, शाळेत पहिली-दुसरी येते. तिचं वर्ष दोन पंचांगांवर चालतं. एक धानाचं आणि जंगलाचं, दुसरं दिल्लीतल्या परीक्षा संस्थेचं.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा आता डिसेंबरात होते. १ डिसेंबर २०२४च्या परीक्षेच्या अर्जांची मुदत १५ ऑक्टोबरला संपत होती, ती वाढवून २२ केली. म्हणजे बारावीचं पहिलं सत्र संपायच्या सुमारास वकिलीचा सर्वांत चांगला रस्ता बंदही झालेला असतो. अर्जाची फी खुल्या वर्गाला चार हजार, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना साडेतीन हजार. त्या वर्षी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. बारा दिवसांची मजुरी एका अर्जाला, तीही पेपर फक्त इंग्रजीत असलेल्या परीक्षेसाठी.

मग जानेवारीत जेईई, प्रॅक्टिकल, आणि २०२५ साली ११ फेब्रुवारीपासून बोर्डाची परीक्षा. केंद्रीय विद्यापीठांसाठी असलेल्या सीयूईटीचे अर्ज त्या वर्षी १ मार्चला सुरू झाले, बोर्डाचे पेपर चालू असतानाच. मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. पहाटे अंधार असताना घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण ऊन चढलं की फूल सुकतं आणि ढोरं, रानजनावरंही ते सोडत नाहीत. मेच्या पहिल्या रविवारी ४ तारखेला नीट झाली, १८ला जेईई ॲडव्हान्स्ड, १३ मेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत सीयूईटी. मे तेंदूपत्त्याचा महिना. वर्षातली रोख कमाई त्या थोड्याच दिवसांत होते आणि पुडे बांधायला घरातला प्रत्येक हात लागतो. जून-जुलैत जागावाटपाच्या फेऱ्या सुरू होतात. तेव्हा रोवणी असते.

कॅलेंडर करणाऱ्यांनी हे मुद्दाम केलेलं नाही, हे उघड आहे. त्यांना दिवाळी म्हणजे सुट्टी आणि मे म्हणजे सुट्टी एवढंच ठाऊक. शहरात सुट्टी असते तेव्हा इथं काम असतं.

आता कागदपत्रं. गोंदिया-भंडाऱ्यात पोवार, कुणबी, कोहळी, कलार, ढिवर, गोंड, गोवारी, महार अशा सगळ्या समाजांची मुलं एकाच बाकावर बसतात, पण सेतू केंद्रात प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या सालचा लागतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा, जमातीला ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१चा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७चा. पणजोबा शाळेत गेले असतील तर दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा निघतो. गेले नसतील, आणि बहुतेक गेलेच नव्हते, तर कोतवाल बुकाची नक्कल शोधायची. तीत जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. पान फाटलेलं किंवा अक्षर पुसलेलं नसलं तर. ज्यांच्या घरात शिक्षण नव्हतं म्हणून आरक्षण आलं, त्यांनाच त्यासाठी शाळेचा जुना कागद मागायचा, असा हा कारभार आहे.

राज्याच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात प्रमाणपत्रावर पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्रही लागतं. केंद्राच्या संस्थांना ते लागत नाही, जात प्रमाणपत्र पुरतं. म्हणजे कागदांच्या हिशेबानं आयआयटीचा दरवाजा गोंदियाच्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा थोडा सैल आहे. हे किती शिक्षकांना माहीत असेल? ओबीसी मुलांची अडचण दुसरी. केंद्राच्या जागावाटपाला नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा असावा लागतो. जागरूक बापानं आधीपासून काढून ठेवलेला दाखला इथं निकामी. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन जून महिन्यात फेरीत उतरलेला मुलगा ओबीसीतून खुल्या गटात फेकला जातो आणि त्याला वाटतं, आपले मार्कच कमी पडले.

फीचं तसंच. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. जागा पक्की करायला साडेसतरा हजार रुपये २४ जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते. घरच्यांनी गोळा केले, पण वेळेत भरले गेले नाहीत आणि जागा गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ३० सप्टेंबरला न्यायालयानं घटनेच्या १४२व्या कलमाखालचे विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला सांगितलं. त्याआधी २०२१च्या नोव्हेंबरात मुंबई आयआयटीच्या एका दलित विद्यार्थ्याच्या बाबतीतही न्यायालयाला असंच करावं लागलं होतं; तिथं ऑनलाइन पैसे भरताना व्यवहार अडकला होता. दोन्ही निकालांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण कलम १४२ हे काही प्रवेशाचं वेळापत्रक नव्हे. दिल्लीपर्यंत न पोचलेल्यांच्या जागा मुकाट्यानं पुढच्या फेरीत गेल्या असणार.

आपल्या मुलीकडे परत येऊ. ती विज्ञान शाखेत असेल तर निदान जेईई, नीट, एमएचटी-सीईटी ही नावं तिच्या कानावर आलेली असतात. महाज्योतीसारखी सरकारी संस्था ओबीसी, भटक्या आणि विशेष मागास वर्गातल्या मुलांना मोफत ऑनलाइन शिकवणी देते, टॅब देते. मुली असल्या आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ, असा राज्याचा निर्णय ८ जुलै २०२४ला निघाला. पण ती कला शाखेत असेल तर? खेड्यातली बरीचशी मुलं कला शाखेतच असतात, कारण जवळ तीच असते. त्यांच्यासाठी ना क्लास, ना फलक, ना टॅब. डी.एड., पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा एवढीच यादी. इतिहास किंवा राज्यशास्त्र शिकायला दिल्ली विद्यापीठात, हैदराबादला, अझीम प्रेमजी विद्यापीठात जाता येतं आणि तिथं खर्चाची सोय होऊ शकते, ही बातमीच त्यांच्यापर्यंत येत नाही.

२०२२च्या आधी दिल्ली विद्यापीठ बोर्डाच्या गुणांवर प्रवेश देई, आणि २०२१ साली काही कॉलेजांची कटऑफ शंभर टक्क्यांवर गेली होती. आपल्या बोर्डाची मुलं त्या शर्यतीत नव्हतीच. सीयूईटी आली तेव्हा वाटलं, आता तरी मैदान सपाट झालं. पेपर तेरा भाषांत, त्यांत मराठीही. पण पेपर निघतो एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. आणि बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं इंग्रजी, हिंदी, उर्दूत निघतात, मराठीत नाहीत. प्रश्न मराठीत, अभ्यास दुसऱ्या भाषेत. शिवाय पुस्तकंच निराळी. बालभारतीच्या बारावीच्या इतिहासात युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, शीतयुद्ध आहे. एनसीईआरटीच्या बारावीत हडप्पा, महाभारत, विजयनगर, गांधीजी. वर्षभर पुनर्जागरण घोकलेल्या मुलीसमोर मे महिन्यात मोहेंजोदडोची नाली येते. ती हुशार आहे की नाही हे त्या पेपरातून कसं कळणार?

इथं गोंदियाला एक जमेची बाजू आहे, जी सातारा-सांगलीला नाही. बालाघाट आणि राजनांदगाव शेजारी, बाजार हिंदीत चालतो, पोवारी आणि झाडीबोली बोलणाऱ्या मुलांना हिंदी पुस्तक परकं वाटत नाही. एनसीईआरटीची हिंदी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. अकरावीपासून ती हातात दिली तर हा जिल्हा सीयूईटीत पश्चिम महाराष्ट्राच्या पुढं जाऊ शकतो, असं माझं मत आहे. आकडा माझ्याकडे नाही, पण भूगोल आहे.

पैशाकडे वळू, कारण शेवटी घरात चर्चा त्याचीच होते. आयआयटीची शिकवणी फी २०१६पासून वर्षाला दोन लाख. हा आकडा ऐकला की विषय संपतो. त्याच निर्णयातला पुढचा भाग कुणी सांगत नाही: अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ही फी पूर्ण माफ, घरचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर कुठल्याही जातीच्या मुलाला पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत दोन-तृतीयांश माफ. एनआयटींतही हीच सवलत आहे, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. २०१८पासून आयआयटींनी मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या, त्या दोन वर्षांत वीस टक्क्यांपर्यंत नेल्या. थोडे मार्क कमी पडलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रमही आहे. मेस आणि वसतिगृहाचा खर्च राहतोच. तरी गरीब घराला कधी कधी नावाजलेली सरकारी संस्था जवळच्या विनाअनुदानित कॉलेजपेक्षा स्वस्त पडते.

नेमकी हीच गोष्ट अमेरिकेत मोजली गेली आहे. कॅरोलिन हॉक्सबी आणि क्रिस्टोफर ॲव्हरी या अर्थतज्ज्ञांनी २०१२ साली दाखवलं की गरीब घरातली अतिशय हुशार मुलं मोठ्या कॉलेजांना बहुधा अर्जच करत नाहीत, विशेषतः जी मुलं खेड्यात किंवा लहान गावात एकटी हुशार असतात ती. आणि ज्या कॉलेजांना ती घाबरतात, तीच मदत धरून त्यांना स्वस्त पडली असती. पुढं मिशिगन विद्यापीठानं एक साधा प्रयोग केला. राज्यातल्या हुशार गरीब मुलांना आणि त्यांच्या पालकांना बारावीच्या सुरुवातीलाच पत्र पाठवलं: प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी आम्ही घेणार नाही. नवा पैसा फारसा नव्हता. यातली बहुतेक मुलं त्या मदतीला एरवीही पात्र ठरली असती. पण आधी लिहून दिल्यामुळे अर्ज करणाऱ्यांचं प्रमाण २६ टक्क्यांवरून ६८वर गेलं, प्रवेश घेणाऱ्यांचं १२वरून २७वर. नुसती माहितीपत्रकं वाटण्याचे मोठे प्रयोग तिथं नंतर फसले. म्हणजे शिष्यवृत्ती असून भागत नाही. ती तुला मिळेल, असं नाव घेऊन आणि अर्जाआधी कुणीतरी सांगावं लागतं. आपल्याकडे उलट आहे. आधी प्रवेश घ्या, फी भरा, मग पोर्टलवर अर्ज करा, मग कधीतरी पैसे खात्यात येतील. ज्याच्याकडे मधल्या महिन्यांपुरते पैसे नाहीत त्याला ती योजना कागदावरच मिळते.

‘आपल्याला कुठं भेटते ते’ हे वाक्य झाडीपट्टीत सर्रास ऐकू येतं. त्यावर शहरातले लोक न्यूनगंड वगैरे शब्द काढतात. मला ते पटत नाही. आसपास कुणी गेलेलं नसताना, पैशाची हमी नसताना आणि एका अर्जाला बारा दिवसांची मजुरी लागत असताना अर्ज न करणं हा सरळ व्यवहार आहे.

अशा भागांतून कुणी गेलंच नाही असं नाही. गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडी गावचे डॉ. भास्कर हलामी अमेरिकेत औषधशास्त्रातले वरिष्ठ संशोधक झाले. वडील कसनसूरच्या आश्रमशाळेत स्वयंपाकी होते, तिथं सुरुवात झाली, मग शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन ते यवतमाळच्या शाळेत गेले, गडचिरोलीत बी.एस्सी., नागपूरला एम.एस्सी., आणि मिशिगनमध्ये पीएच.डी. धुळे जिल्ह्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड अक्कलकुव्याच्या नवोदयमध्ये गेले, तिथून मुंबईच्या जी.एस. मेडिकलला, आणि पुढं आयएएसला. दोन्ही गोष्टींत बारावीच्या खूप आधी एक निवासी शाळा आहे. त्या शाळेची परीक्षा कुणीतरी द्यायला लावली होती. गोंदिया जिल्ह्याचं नवोदय नवेगावबांधला आहे. सहावीच्या वर्गात ऐंशी जागा, आणि त्यासाठीचा अर्ज मुलगा पाचवीत असताना करायचा असतो.

राजू केंद्रे यांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तीत अपयश आधी येतं. बुलडाण्यातल्या लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचा हा मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि वसतिगृह मिळालं नाही म्हणून परतला. मुक्त विद्यापीठातून पदवी केली, मेळघाटात काम केलं, मग टाटा समाजविज्ञान संस्थेत पोचला. २०१७ साली त्यानं ‘एकलव्य’ सुरू केली: खेड्यातल्या पहिल्या पिढीच्या मुलांना चांगल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षांसाठी तयार करणं, अर्ज भरून घेणं, आधी गेलेल्यानं पुढच्याला हात देणं. त्यात कला शाखेची मुलं मोठ्या संख्येनं आहेत, हे विशेष. २०२१ला तो स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेला. वैद्यकीयसाठी असंच काम पुण्याच्या बी.जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी २०१५मध्ये उभं केलेल्या ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’नं केलं, मेळघाट आणि गडचिरोलीच्या आदिवासी मुलांना ते नीटसाठी शिकवतात.

पुण्याला गेलेल्या मुलाला खोली नसणं ही गोष्ट शाहू महाराजांना शंभर वर्षांपूर्वी कळली होती. १९०१पासून कोल्हापुरात त्यांनी एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं. आज वसतिगृहासाठी स्वाधार, स्वयम्, आधार अशा योजना आहेत. त्यांचे अर्ज प्रवेशानंतर सुरू होतात आणि पहिले महिने मुलानं कुठं राहायचं, याची जबाबदारी त्याचीच.

वर्तमानपत्रं दर जूनमध्ये ‘मजुराचा मुलगा आयआयटीत’ छापतात, पेढा भरवतानाचा फोटो येतो. त्या बातमीनं वाचकाचं मन हलकं होतं, पण पुढच्या वर्षीच्या मुलाला हवी असलेली माहिती तीत नसते: कोणत्या महिन्यात कोणता दाखला काढला, पैसे कुणाकडून आणले, फेरीत पसंतीक्रम कसा लावला.

पसंतीक्रमाचंच घ्या. आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित जागावाटपात सर्वांत आवडतं कॉलेज सर्वांत वर लिहिल्यानं काहीच जात नाही. ते मिळालं नाही तर खालचं तुमच्या गुणांप्रमाणे मिळतंच. राज्याच्या फेरीत मात्र पहिल्या पसंतीची जागा लागली की ती पक्की करावीच लागते, नाहीतर पुढच्या फेरीतून बाद. दोन्हींचा सारांश एकच: यादी आवडीच्या क्रमानं करायची, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमानं नाही. हा नियम दहा मिनिटांत समजतो. पण तो सांगणार कोण? ज्युनियर कॉलेजात समुपदेशकाची वेगळी खुर्ची नसते. ज्या शिक्षकाला सांगता आलं असतं, त्याच्याकडे मतदार यादीचं काम असतं, निवडणूक असते, सर्वेक्षण असतं. काही ठिकाणी तर पटावरची मुलं नागपूरच्या क्लासमध्ये बसलेली असतात आणि गावातल्या कॉलेजात फक्त त्यांची नावं असतात.

म्हणून बोदलकशाच्या मुलीची यादी प्रत्यक्षात भरतो तो तिरोड्याच्या बाजारातला नेट कॅफेवाला. त्याच्यासमोर रांग असते, कुणाचा पीक विमा, कुणाची केवायसी, कुणाचा सातबारा. तो विचारतो, कोणतं टाकू? मुलगी बापाकडे बघते, बाप त्याच्याकडे. मग तो माहितीतली चार जवळची कॉलेजं टाकतो आणि मुदत संपते. त्यात त्याची काही लबाडी नाही. त्याला मिळतात ते टंकायचे पैसे. समुपदेशनाच्या नावानं जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृहं घेऊन भाषणं होतात. शिक्षण खात्याला खरंच काही करायचं असेल तर तालुक्यातल्या सेतू आणि नेट कॅफेवाल्यांना ऑक्टोबरात दोन दिवस बसवावं. केंद्राचा आणि राज्याचा नॉन-क्रिमीलेअर नमुना शेजारी शेजारी दाखवावा, फीमाफीच्या तीन ओळी छापून भिंतीवर लावायला द्याव्यात, पसंतीक्रमाचा नियम शिकवावा, आणि बाहेरच्या कॉलेजच्या प्रत्येक पूर्ण अर्जामागे त्यांना खात्याकडून काही रुपये द्यावेत. १ एप्रिलनंतरच्या पहिल्या आठवड्यात तहसीलदारांनी दाखल्यांचं शिबिर तिरोड्यात न घेता गावातल्या शाळेत घ्यावं, सकाळी दहानंतर, मोहफुलं वेचून लोक घरी आल्यावर.